फेसवॉशमधील कोकामिडोप्रोपिल बीटेन: ओळखावे कसे, तपासावे कसे, वापरावे कसे

फेसवॉश, शाम्पू, बाळांसाठीचे बॉडीवॉश, हात धुण्याचा द्रवसाबण, अगदी काही टूथपेस्टसुद्धा घेतल्या आणि त्यांची घटकयादी वाचली, तर पाण्यानंतरच्या चार-पाच नावांत कोकामिडोप्रोपिल बीटेन हे लांबलचक नाव वारंवार भेटते. नावातील ‘कोका’ म्हणजे नारळ हे कळल्यावर काही ग्राहक निश्चिंत होतात, आणि उरलेले नाव वाचून काही जण बाटली परत फळीवर ठेवतात. दोन्ही गट केवळ नावावरून निकाल देतात. हा पदार्थ आपल्या त्वचेला मानवेल की नाही हे त्याची शुद्धता, त्याचे प्रमाण, बाटलीत त्याच्यासोबत असलेले इतर पदार्थ, तो त्वचेवर किती वेळ राहतो आणि तो ज्या पाण्याने धुतला जातो ते पाणी, या गोष्टींवर ठरते. यांपैकी शुद्धता ग्राहकाला दिसत नाही. बाकीच्या चारही गोष्टी घरबसल्या तपासता येतात, आणि त्या कशा तपासाव्यात हे पुढे क्रमाने सांगितले आहे. सोयीसाठी या लेखात त्याला नुसते ‘बीटेन’ म्हटले आहे. मात्र यादीत ‘बीटेन’ हा एकच शब्द सुटा दिसला, तर तो शुगरबीटपासून मिळणारा, त्वचेत ओलावा धरून ठेवणारा अगदी वेगळा पदार्थ असतो आणि त्याचा फेसाशी काही संबंध नसतो, एवढे आधीच लक्षात ठेवावे.

हा पदार्थ काम काय करतो

चेहऱ्यावरचे तेल, सनस्क्रीनचा थर आणि त्यात रुतलेली धूळ नुसत्या पाण्याने निघत नाही, कारण तेल पाण्यात मिसळत नाही. त्यासाठी एक मध्यस्थ लागतो, ज्याचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते आणि दुसरे तेलाकडे. असा पदार्थ पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, आणि पुरेशा प्रमाणात असला की त्याचे रेणू गोलाकार पुंजके करून तेलाचे कण आपल्या पोटात घेतात व पाण्याबरोबर वाहून नेतात. कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत अशा पदार्थाला सर्रास सरफॅक्टंट म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द वापरला आहे. साबण हा सरफॅक्टंट आहे, शाम्पूतील सोडियम लॉरेथ सल्फेट हा सरफॅक्टंट आहे, आणि आपल्या आजी-पणजींनी केस धुण्यासाठी रात्री भिजत घातलेल्या रिठ्यातील सॅपोनिन हाही सरफॅक्टंटच आहे. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यावर काय होते हे ज्यांनी लहानपणी अनुभवले आहे, त्यांना ‘नैसर्गिक’ आणि ‘सौम्य’ हे दोन शब्द समानार्थी नाहीत हे वेगळे सांगायला नको.

सरफॅक्टंटचा तोटाही त्याच्या गुणातच दडलेला आहे. बाहेरचे तेल आणि त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील पेशींना सांधून ठेवणारी स्निग्धद्रव्ये यांत तो फरक करत नाही. शिवाय सल्फेटसारखे ऋणभारित सरफॅक्टंट त्वचेतील प्रथिनांना चिकटून त्यांना फुगवतात. सोडियम लॉरिल सल्फेट हा पदार्थ तर त्वचेवर मुद्दाम दाह निर्माण करून अभ्यास करायचा असेल तेव्हा संशोधक प्रमाणित दाहक म्हणून वापरतात. बीटेनची रचना वेगळी आहे. त्याच्या एकाच रेणूवर धन आणि ऋण असे दोन्ही विद्युतभार असतात, त्यामुळे प्रथिनांशी त्याची झटापट कमी होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो सल्फेटच्या सोबतीला आला की दोघांचे रेणू मिळून एकत्र पुंजके बनवतात, सल्फेटचे सुटे रेणू कमी होतात, आणि त्वचेत शिरून त्रास देतात ते प्रामुख्याने हे सुटे रेणूच. म्हणजे एका बाटलीत सल्फेट आणि बीटेन दोन्ही असतील, तर ती बाटली तेवढ्याच सल्फेटच्या एकट्या द्रावणापेक्षा सौम्य असते. बीटेनमुळे फेस मऊ, दाट आणि टिकाऊ होतो, थोडे मीठ घातल्यावर द्रावण घट्ट होते, आणि कारखानदारांना तो प्रिय असण्याचे कारण हेही आहेच.

काळजी नेमकी कोठे करायची

खोबरेल तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असते. बीटेन बनवताना खोबरेल किंवा पामच्या बियांच्या तेलातील अशी मेदाम्ले घेऊन त्यांची डायमिथिलअमिनोप्रोपिलअमीन या पदार्थाशी अभिक्रिया केली जाते. तयार झालेल्या मधल्या पदार्थाला अमिडोअमीन म्हणतात. त्याची पुढे सोडियम मोनोक्लोरोअॅसिटेटशी अभिक्रिया झाली की बीटेन आणि साधे मीठ तयार होते. कारखान्याला मिळणारा कच्चा माल बहुधा सुमारे ३० टक्के बीटेन, थोडे मीठ आणि उरलेले पाणी असा पिवळसर द्रव असतो.

प्रश्न उरतो तो अपूर्ण राहिलेल्या अभिक्रियेचा. सुरुवातीचे अमीन किंवा मधले अमिडोअमीन अंशमात्र जरी मागे राहिले, तरी काही व्यक्तींच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा ते ओळखून ठेवते आणि पुढे प्रत्येक भेटीत खाज व पुरळ निर्माण करते. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या संघटनेने २००४ साली कोकामिडोप्रोपिल बीटेनला ‘वर्षातील अॅलर्जीकारक’ म्हणून निवडले होते. ही निवड म्हणजे बंदी नव्हे. डॉक्टरांनी या पदार्थाकडे लक्ष द्यावे यासाठी ती होती. त्यानंतरच्या अभ्यासांतून बहुतेक अॅलर्जीचे खापर बीटेनपेक्षा या दोन अशुद्धींवर फुटले. सौंदर्यप्रसाधनांतील घटकांचे परीक्षण करणाऱ्या अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाचा निष्कर्षही असाच आहे की अॅलर्जी निर्माण होणार नाही अशा रीतीने उत्पादन बनवले असेल, तर हा घटक सुरक्षित आहे. नारळ खाल्ल्याने किंवा खोबरेल लावल्याने त्रास होणाऱ्यांनी या पदार्थाला आपोआप घाबरण्याचे कारण नाही, आणि ज्यांना नारळ उत्तम मानवतो त्यांना हा मानवेलच असेही नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आणखी एक गैरसमज नावाच्या साधर्म्यातून होतो. कोकामाइड डीईए हा फेस वाढवणारा वेगळा पदार्थ आहे, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला प्राण्यांवरील पुराव्याच्या आधारे ‘मानवात कदाचित कर्करोगकारक’ अशा २ब गटात ठेवले आहे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या इशाऱ्यांत पुष्कळदा ‘कोका’ने सुरू होणारी सगळी नावे एकाच पोत्यात भरली जातात. बीटेन त्या गटात नाही. त्याचप्रमाणे लॉरेथ सल्फेटच्या निर्मितीत अंशमात्र १,४-डायऑक्सेन तयार होऊ शकते, पण ती इथॉक्सिलीकरण या प्रक्रियेची देणगी आहे आणि बीटेन बनवताना ती प्रक्रियाच होत नाही.

पहिली पायरी: बाटली उलटी करून यादी वाचणे

दुकानात पुढची बाजू वाचून वेळ घालवू नये. कोरफड, केशर, कडुनिंब यांची चित्रे पुढे असतात, आणि चेहऱ्याशी ज्याचा खरा संबंध येतो ते मागे बारीक अक्षरांत असते. भारतातील २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार १ टक्क्याहून अधिक असलेले घटक वजन किंवा आकारमानाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, आणि १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. ही १ टक्क्याची रेषा लेबलवर आखलेली नसते, पण ती अंदाजाने ओळखता येते. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक, म्हणजे वस्तू नासू न देणारे द्रव्य, जास्तीत जास्त १ टक्का वापरण्याची मुभा आहे. ते यादीत जेथे दिसेल त्याच्या पुढचे सगळे घटक साधारणतः १ टक्क्याच्या आतले समजावेत. पुढच्या बाजूला चित्र असलेला कडुनिंबाचा अर्क बहुधा या रेषेच्या पलीकडे बसलेला आढळतो.

यानंतर बीटेन कोणाच्या शेजारी आहे ते पाहावे. माझ्या मते या संपूर्ण मार्गदर्शनातील सर्वांत उपयोगी भाग हाच आहे, कारण पुष्कळदा त्रास शेजाऱ्यामुळे होतो आणि नाव बीटेनचे खराब होते.

पाण्यानंतर लगेच सोडियम लॉरेथ सल्फेट आणि त्याच्या पाठोपाठ बीटेन असेल, तर ती नेहमीची, मध्यम ताकदीची जोडी आहे. तेलकट त्वचेला आणि डोक्याला ती बहुधा चालते, कोरड्या चेहऱ्याला रोज दोनदा नको. लॉरेथऐवजी लॉरिल सल्फेट पहिल्या क्रमांकावर असेल, तर चेहऱ्यासाठी दुसरे काही शोधावे. ‘सल्फेटमुक्त’ असे ठळक लिहिलेल्या बाटलीत सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट हे नाव आहे का ते अवश्य पाहावे. तांत्रिकदृष्ट्या तो सल्फेट नाही, पण तेल काढण्यात तो सल्फेटला हार जाणारा नाही. बीटेनच्या सोबत सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, सोडियम लॉरॉइल सार्कोसिनेट, कोकोइल ग्लुटामेट किंवा डेसिल ग्लुकोसाइड अशी मंडळी असतील, तर मिश्रण सौम्य असण्याची शक्यता अधिक. तरी ग्लुकोसाइड गटाचीही काहींना अॅलर्जी असते. २०१७ साली अमेरिकेतील त्याच संघटनेने त्या गटाला ‘वर्षातील अॅलर्जीकारक’ म्हणून निवडले होते.

सर्वांत फसवी यादी ती, जिच्यात सुरुवातीलाच मायरिस्टिक आम्ल, स्टिअरिक आम्ल, लॉरिक आम्ल आणि त्यांच्या जोडीला पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिसते. ही आम्ले आणि तो अल्कली यांचा बाटलीत जाण्यापूर्वीच साबण झालेला असतो. ट्यूबमधून येणारे मोत्यासारखे चकचकीत, भरपूर फेसाचे अनेक फेसवॉश या जातीचे असतात. यादीत खाली कोठेतरी बीटेन असले, तरी वस्तू मूलतः साबणच आहे आणि साबणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) ९ ते १०च्या आसपास असतो, तर निरोगी त्वचेचा पृष्ठभाग ५च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. शंका असल्यास प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून सामू तपासण्याच्या कागदपट्ट्यांचे पाकीट आणावे, फेसवॉशचा थेंब दहापट पाण्यात विरघळवून पट्टी बुडवावी आणि रंग जुळवून पाहावा. ५ ते ६ आला तर उत्तम.

शेवटची नजर परिरक्षक आणि सुगंध यांवर टाकावी. मिथिलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक आणि केवळ ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ एवढ्या एका शब्दाखाली लपलेली सुगंधद्रव्ये ही अॅलर्जीच्या बाबतीत बीटेनपेक्षा कमी संशयित नाहीत. संवेदनशील त्वचेच्या व्यक्तीने बिनसुगंधी पर्याय आधी पाहावा. बॅच क्रमांक, निर्मिती परवाना क्रमांक, निर्मात्याचा पूर्ण पत्ता आणि वापराची मुदत यांपैकी एक जरी गोष्ट लेबलवर नसेल, तर घटक कितीही छान असले तरी ती वस्तू घेऊ नये. शुद्धता ग्राहकाला दिसत नाही असे वर म्हटले आहे. ती सांभाळली गेली असण्याची शक्यता निदान परवानाधारक निर्मात्याकडे असते. रस्त्यावर किंवा ओळखीतून, लेबलशिवाय, ‘घरगुती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रवसाबणात कोणत्या दर्जाचा कच्चा माल गेला आहे हे विकणाऱ्यालाही बहुधा माहीत नसते.

दुसरी पायरी: नळाला पाणी कोणते येते ते पाहणे

पुण्यात राहणाऱ्यांनी ही पायरी वगळू नये. खडकवासला, पानशेत आणि वरसगाव या धरणांतून महापालिकेच्या नळाला येणारे पाणी एका जातीचे आणि वाघोली, उंड्री, बावधन किंवा हिंजवडीच्या बाजूच्या ज्या सोसायट्या विंधनविहिरी आणि टँकरवर अवलंबून आहेत तेथील पाणी दुसऱ्या जातीचे. खडकातून उपसलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अधिक असते. साबणाची मेदाम्ले या धातूंशी जुळून न विरघळणारा साका तयार करतात. तो बादलीच्या कडेला दिसतो, नळावर पांढरा थर म्हणून दिसतो, आणि चेहऱ्यावर दिसत नसला तरी तेथेही बसतो. बीटेनवर कठीण पाण्याचा असा परिणाम होत नाही.

माझी भाची सदाशिव पेठेतून वाघोलीला राहायला गेली आणि महिनाभरात तिचा चेहरा ताणल्यासारखा, गालांवर खरखरीत झाला. तिने हवेला दोष दिला, मग उशीच्या अभ्र्याला, मग अर्थातच यादीतील सर्वांत अवघड नावाला, म्हणजे बीटेनला. ट्यूब उलटी करून पाहिली तेव्हा वर वर्णन केलेली आम्लांची आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडची जोडी सर्वांत वर होती. तोच फेसवॉश पेठेत दोन वर्षे निभावला होता, कारण तेथील पाणी मृदू होते. तिला साबण बदलावा लागला, आणि नव्या बाटलीतही बीटेन होतेच.

पाण्याची घरगुती परीक्षा सोपी आहे. काचेची स्वच्छ बाटली अर्धी भरून तीत साध्या साबणाचा चिमूटभर कीस टाकावा आणि जोरात हलवावे. वर भरपूर फेस आणि खाली जवळपास स्वच्छ पाणी दिसले, तर पाणी मृदू. फेस थोडा आणि पाणी दुधाळ, फुटक्या दह्यासारखे झाले, तर कठीण. नेमका आकडा हवा असेल तर सोसायटीच्या पाणीतपासणीचा अहवाल मागावा. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे. दोनशेच्या वरच्या पाण्याला साबण टाळून बीटेन आणि आयसेथिओनेट गटाचे मिश्रण घेणे हा माझा सल्ला आहे. अनेकांच्या घरी असलेले टीडीएस मीटर विरघळलेले सर्व क्षार मोजते, केवळ कठीणपणा नव्हे, त्यामुळे त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये.

तिसरी पायरी: चेहऱ्याआधी हातावर

नवे क्रीम जसे हातावर लावून ठेवून तपासतात, तसे फेसवॉश तपासणे चूक आहे. धुऊन टाकण्यासाठी बनवलेले सरफॅक्टंटचे दाट मिश्रण न धुता, वर पट्टी चिकटवून दिवसभर ठेवले, तर पूर्णपणे निरोगी त्वचाही चुरचुरेल, आणि आपण अॅलर्जी आहे असे समजून चांगली वस्तू फेकून देऊ. योग्य पद्धत अशी की कोपराच्या आतल्या बाजूची रुपयाएवढी जागा ओली करावी, फेसवॉशचा फेस करून तेथे लावावा, मिनिटभर ठेवावा आणि स्वच्छ धुवावा. हे सकाळ-संध्याकाळ, त्याच जागी, सात दिवस करावे. अॅलर्जीची प्रतिक्रिया लगेच दिसत नाही, ती एक ते तीन दिवस घेऊ शकते, म्हणून पहिल्या दिवशी काही झाले नाही एवढ्यावर समाधान मानू नये.

काय पाहायचे तेही नीट ठरवून घ्यावे. गोऱ्या त्वचेसाठी लिहिलेल्या माहितीत ‘लालसरपणा’ शोधायला सांगितलेले असते. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर लाली पुष्कळदा दिसतच नाही. ती जागा आजूबाजूपेक्षा गडद, तपकिरी किंवा जांभळट वाटते, हाताला गरम किंवा खडबडीत लागते आणि खाजते. दुर्लक्ष केल्यास दाह ओसरल्यानंतरही काळा डाग महिनोन्‌महिने राहू शकतो, म्हणून गडदपणा दिसताच थांबावे.

चौथी पायरी: वेळ आणि मात्रा

हा पदार्थ त्वचेवर किती वेळ राहतो हा मुद्दा येथे येतो. वाटाण्याएवढे फेसवॉश तळहातावर घेऊन पाण्याने फेस करावा, मगच चेहऱ्यावर न्यावे, वीस-तीस सेकंद बोटांनी फिरवावे आणि कोमट किंवा साध्या पाण्याने धुवावे. कडकडीत पाणी नको. केसांची कड, कानांमागची जागा आणि हनुवटीखालचा भाग येथे फेस उरतो आणि पुरळही बहुधा तेथेच उठतात. पंचाने घासून न पुसता टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे.

मिसेलर वॉटर (कापसाने चेहरा पुसण्याचे तयार द्रावण) आणि ओले पुसणे (वेट वाइप्स) यांत हाच मुद्दा उलटा होतो. त्यांतही सरफॅक्टंट असतात, आणि ‘धुण्याची गरज नाही’ असे लिहिले असले तरी ते त्वचेवर तासन्‌तास राहतात. ते वापरल्यावर पाण्याचा एक हात फिरवणे शहाणपणाचे आहे, विशेषतः तान्ह्या बाळाच्या बाबतीत. बाळाच्या बाटलीवरील ‘डोळ्यांना झोंबत नाही’ या वाक्याचा अर्थही तेवढाच घ्यावा. बीटेनसारख्या दुहेरी भाराच्या सरफॅक्टंटमुळे झोंबणे खरोखरच कमी होते, पण त्यामुळे डोळे धुणे टाळता येत नाही.

दिवसातून किती वेळा? दुचाकीवरून नगर रस्त्याने किंवा कात्रज चौकातून रोज ये-जा करणाऱ्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर संध्याकाळी स्कार्फ आणि हेल्मेट असूनही काजळी असते, तेव्हा संध्याकाळचे धुणे महत्त्वाचे. सकाळी बहुतेकांना साधे पाणी पुरते. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा कोरडी होते आणि पावसाळ्यात उत्तम चाललेला फेसवॉश तेव्हा बोचू लागतो. अशा वेळी तो बदलण्यापेक्षा एकदाच वापरणे बहुधा पुरेसे ठरते.

एक घरोघरची सवय मात्र मोडायला हवी. बाटली संपत आली की तीत पाणी घालून खळखळ हलवायचे आणि पुढचे आठ दिवस ते पुरवायचे, हे आपल्याकडे काटकसरीचे लक्षण मानले जाते. पाण्यामुळे परिरक्षकाचे प्रमाण पातळ होते आणि न्हाणीघराच्या उबेत जिवाणूंना मोकळे रान मिळते. पाणी घालायचेच असेल, तर त्याच दिवशी संपवावे.

स्वतः बनवणाऱ्यांसाठी

बचतगटांत आणि गृहउद्योगांत शाम्पू व हातधुणे बनवण्याचे शिक्षण घेतलेल्या अनेक जणी बीटेन कॅनमधून सुटे आणतात. येथे हिशेबाची एक चूक वारंवार होते. कृतीत ‘बीटेन १० टक्के’ लिहिले असेल, तर तो आकडा द्रावणाचा आहे की त्यातील सक्रिय घटकाचा, हे आधी विचारावे. ३० टक्के ताकदीच्या द्रावणाचे १० ग्रॅम घेऊन १०० ग्रॅम शाम्पू बनवला, तर त्यात खरे बीटेन ३ ग्रॅमच येते. उलट १० टक्के सक्रिय बीटेन हवे असेल, तर तेच द्रावण ३३ ग्रॅमहून थोडे अधिक लागते. दोन अर्थांत तिपटीहून अधिक फरक आहे. माल घेताना विश्लेषणपत्र मागावे, त्यावर ६१७८९-४०-० हा ओळखक्रमांक, सक्रिय घटकाचे प्रमाण आणि शिल्लक अमीनची नोंद आहे का ते पाहावे. असे पत्र न देणाऱ्याकडून माल घेऊ नये, मग तो लिटरमागे कितीही स्वस्त असो.

घट्टपणासाठी मीठ घालताना ते पाण्यात विरघळवून थोडे थोडे घालावे. एका मर्यादेपर्यंत द्रावण घट्ट होत जाते आणि त्यापुढे चिमूटभर मीठही ते पुन्हा पाण्यासारखे पातळ करते, ज्यातून ते सहजी परत येत नाही. शेवटी सायट्रिक आम्लाने सामू साडेपाचच्या आसपास आणावा आणि परिरक्षक घालावेच. ‘रसायनविरहित’ म्हणून ते वगळलेला शाम्पू पाणी आणि वनस्पतींचे अर्क असल्यामुळे फार लवकर नासतो. घरच्यापुरते बनवणे वेगळे. विक्रीसाठी बनवायचे असेल, तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून सौंदर्यप्रसाधन निर्मितीचा परवाना आवश्यक आहे.

त्रास झालाच तर

आधी दाह आणि अॅलर्जी यांत फरक करावा. दाह वापरताना किंवा काही तासांत जाणवतो, त्यात आग आणि ताण अधिक असतो, तो जेथे लावले तेवढ्यापुरता राहतो आणि मात्रा कमी केली की कमी होतो. अॅलर्जीत खाज प्रमुख असते, ती एक-दोन दिवसांनी उठते, लावलेल्या जागेबाहेरही पसरते आणि पुढच्या वेळी थोड्याशा वापरानेही परत येते. वर्षानुवर्षे चाललेली वस्तू अचानक न मानवणे हे अॅलर्जीत अगदी शक्य आहे. शाम्पूमुळे होणारी अॅलर्जी डोक्यापेक्षा पापण्या, कानांमागची जागा आणि मान येथे आधी दिसते, कारण तेथील त्वचा पातळ असते आणि फेस तेथूनच ओघळतो. ओठांभोवती पुरळ येत असेल तर टूथपेस्टची यादी वाचावी. ब्यूटी पार्लरमध्ये दिवसभर इतरांचे केस धुणाऱ्यांच्या बोटांवर होणारा त्रासही याच कुळातला असू शकतो.

अशा वेळी सर्व सुगंधी आणि फेसाच्या वस्तू दोन आठवडे बंद ठेवून साध्या पाण्यावर आणि बिनसुगंधी मॉइश्चरायझरवर राहावे. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड असलेले मिश्र मलम स्वतःहून आणून चेहऱ्यावर लावू नये. त्याने पुरळ दबते, पण सोडल्यावर दुपटीने उसळते आणि त्वचा पातळ होते. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा पापण्या सुजल्या, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि जाताना वापरातील प्रत्येक वस्तूच्या मागच्या बाजूचा फोटो न्यावा. निदानासाठी ते पॅच टेस्ट सुचवू शकतात. त्यात संशयित पदार्थ ठरावीक सौम्य प्रमाणात, बीटेनच्या बाबतीत सामान्यतः पाण्यातील १ टक्का, पाठीवर चिकटवतात. पट्ट्या ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. त्या काळात पाठ ओली करता येत नाही आणि घामही नको, म्हणून तपासणी शक्यतो एप्रिल-मेमध्ये ठेवू नये.

चाचणीत बीटेनची अॅलर्जी निघाली, तर केवळ एक नाव टाळून भागत नाही. कंडिशनरमध्ये असणारे स्टिअरामिडोप्रोपिल डायमिथिलअमीन आणि त्याच घराण्यातील ओलेअमिडोप्रोपिल डायमिथिलअमीन यांचीही तीच प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ‘अमिडोप्रोपिल’ हा तुकडा असलेले कोणतेही नाव डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. कोको-बीटेन हे नाव मात्र जवळचे वाटले तरी त्यात हा तुकडा नाही आणि ते बनवताना वर सांगितलेले अमीन वापरले जात नाही, त्यामुळे ते मानवू शकते. तेही कोपराच्या सात दिवसांच्या चाचणीनंतरच चेहऱ्यावर घ्यावे. ही नावे इंग्रजी अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवावी आणि शाम्पू, हातधुणे, टूथपेस्ट आणि दाढीचा फेस घेताना प्रत्येक वेळी तिच्याशी यादी पडताळून पाहावी, कारण त्याच नावाच्या बाटलीतील मिश्रण निर्माता मधूनमधून बदलतो आणि पुढच्या बाजूचे चित्र मात्र तेच राहते.